भाषणं पुरेत, शेजारी खुर्ची ओढा

महोदय,

नोकरीत बदल झाला की 'सकारात्मक राहा' असा सल्ला देणारे लेख हल्ली पुरवण्यांमधून वरचेवर येतात. मी सांगलीतल्या एका सहकारी बँकेत २९ वर्षं आहे, सध्या पासिंग ऑफिसर, म्हणजे कारकुनांनी केलेल्या एंट्री तपासून मंजूर करणारी. गेल्या वर्षी आमच्या शाखेत जे झालं ते वाचकांपुढे ठेवावंसं वाटलं.

२९ ऑगस्टच्या शुक्रवारी संध्याकाळी आमचं जुनं सॉफ्टवेअर बंद झालं आणि १ सप्टेंबरला, सोमवारी, नवं सुरू झालं. त्याआधी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. पहिला अर्धा दिवस 'बदलाला संधी समजा' यात गेला, एकमेकांसाठी टाळ्याही वाजवून घेतल्या. मुदत ठेव मुदतीआधी मोडली तर टीडीएस कुठल्या स्क्रीनवर दिसेल, असं मी विचारलं. 'पुढच्या सत्रात सांगतो' म्हणाले. पुढचं सत्र जेवणाचं होतं.

सोमवार पेन्शनचा. आदल्या दिवशी संस्थानच्या गणपतीचं विसर्जन झालेलं, त्यामुळे अर्धा स्टाफ जागरणाचा. साडेदहालाच रांग दाराबाहेर गेली. पासबुकावर छपाई दोन ओळी खाली सरकत होती, रोजची छोटी बचत दारोदार गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांच्या मशीनमधला भरणा उतरत नव्हता. लोक ओरडले, त्यांचं काही चुकलं नाही.

आमच्याकडे क्लिअरिंगला, म्हणजे चेक वटवण्याच्या कामाला, एक काका बसतात. खतावणी आणि रोजकीर्द हातानं लिहिण्यापासून त्यांची नोकरी सुरू झाली. नव्या स्क्रीनवर त्यांचा माऊस सरकत सरकत टेबलाच्या कडेला जायचा, मग ते तो उचलून छातीशी धरायचे आणि मान वर करून बाण शोधायचे. त्यावर कॅशमधल्या पोरांनी नक्कल सुरू केली. मीही हसले, हे लिहायला लाज वाटते. गुरुवारी दुपारी काका माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे." दीड वर्ष नोकरी राहिलेला माणूस. मी म्हटलं, उद्या लिहू.

त्याच संध्याकाळी कॅश ५,४०० रुपयांनी कमी आली. कॅशला नोकरीत जेमतेम सात महिने झालेली मुलगी होती. तीनदा नोटा मोजल्या, स्लिपा उलटसुलट केल्या, आणि साडेसहाला ती रडायला लागली, कारण कमी पडलेली रक्कम खिशातून भरावी लागणार. काका डबा पिशवीत घालून निघाले होते. दारातून परत आले.

"फरक नऊनं भाग बघू."

"सहाशे, काका."

"मग आकडे उलटे पडलेत. सहाचं अंतर असलेल्या जोड्या बघ. एक-सात, दोन-आठ, तीन-नऊ. शेकड्यात आणि हजारात."

दहा मिनिटांत स्लिप सापडली. १,७०० चा भरणा ७,१०० म्हणून पडला होता. एंट्री तिची, पण पास माझ्या लॉगिननं झालेली. म्हणजे चूक माझीही. हिशेबात आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नऊच्या पटीतच येतो, हे जुन्या कारकुनांना पाठ असतं. कागद असो की स्क्रीन, नियम तोच. नव्या सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्याला येत होतं त्याचीच आम्ही चार दिवस नक्कल करत होतो.

दुसऱ्या दिवशी हरभट रोडवरून २०० पानी वही आणली. वर लिहिलं, 'आमच्या चुका'. पहिली नोंद मी केली, सही करून: ७,१०० पास केले, स्लिप न बघता. काय चुकलं, कुठली स्क्रीन, दुरुस्ती कशी केली, एवढंच लिहायचं. नावानं टोमणा मारायचा नाही. शाखाधिकाऱ्यांनी चौथी नोंद केल्यावर मग पोरांची भीड चेपली. आणि त्या मुलीची खुर्ची रोज साडेनऊपासून अर्धा तास काकांच्या शेजारी. ती त्यांना माऊस शिकवते, ते तिला चेक बघायला शिकवतात. सही नुसती जुळते का ते बघू नकोस, पेन कुठं उचललंय ते बघ, असं.

याचा खरा उपयोग महिन्याभरात झाला. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक वटवण्याची पद्धतच बदलली. पूर्वी दिवसभराचे चेक गोळा करून ठरल्या वेळी एकदम पाठवायचे, निकाल दुसऱ्या दिवशी. आता चेक येतील तसे स्कॅन करून पाठवत राहायचं, आणि आपल्या खातेदारांनी दिलेले जे चेक दुसऱ्या बँकांतून येतात त्यांचं हो किंवा नाही संध्याकाळी ७ च्या आत कळवायचं. नाही कळवलं तर तो चेक पास धरला जातो. म्हणजे खोट्या सहीचा चेक नजरेतून सुटला आणि सात वाजले, तर संपलंच. पहिले काही दिवस गोंधळ बऱ्याच बँकांत झाला, आमच्याकडेही झाला. पण स्कॅनिंग ती करते आणि निर्णय काका देतात, अशी जोडी बसली होती. त्या अर्जाचा विषय काकांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

एक तक्रार मात्र आहे. सॉफ्टवेअर बदलण्याच्या त्याच महिन्यात मुख्य कार्यालयानं ठेवींचं आणि विम्याचं टार्गेट होतं तसंच ठेवलं, रजाही बंद केल्या. भिंतीवर लावायला 'हसत राहा'चे फलक तेवढे आले. दोन आठवडे टार्गेट बाजूला ठेवलं असतं तर फलकांची गरज पडली नसती.

वहीत आता ६३ नोंदी झाल्या आहेत. पुढच्या महिन्यात आमच्या आणखी दोन शाखांत हेच सॉफ्टवेअर जाणार आहे, त्यांनी वही मागितली. झेरॉक्स पाठवली. मूळ वही दिली नाही, कारण परवाच त्रेसष्टावी नोंद पडली, आणि तीही माझीच आहे.

— एक बँक कर्मचारी, विश्रामबाग, सांगली
(अजून नोकरीत असल्यानं नाव छापू नये, ही विनंती.)