‘घाशीराम’ आम्हाला झेपतो, संपादक साहेब!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला, विजय तेंडुलकरांच्या नाटकावरून झालेल्या ‘घाशीराम कोतवाल’ या 1976च्या चित्रपटावरचा लेख काल वाचला. लेखकाने चित्रपट नीट पाहिला आहे आणि त्यावर मनापासून लिहिले आहे, हे कबूल. एवढा विस्मरणात गेलेला मराठी चित्रपट त्यांनी पुन्हा लोकांसमोर आणला, त्याबद्दल आभारही मानतो. पण जाता जाता त्यांनी लिहून टाकले की असे चित्रपट महानगरातल्या जाणकारांसाठीच असतात, गावाकडच्या प्रेक्षकाला ते झेपणार नाहीत. या एका वाक्याने आमचे काय झाले ते ऐका.

आमच्या तालुक्यातल्या एका महाविद्यालयात याच आठवड्यात हा चित्रपट दाखवायचे ठरले होते. सभागृह मिळाले होते, मराठीचे सर तयार होते. काल माझा पुतण्या प्रोजेक्टरचे विचारायला गेला, तर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी तुमची पुरवणीच त्याच्यापुढे ठेवली. “पेपरातच आलं आहे, आपल्या पोरांना हे समजायचं नाही. एखादा चांगला सिनेमा दाखव.” झाले, कार्यक्रम रद्द. मुलांना काय समजेल ते तुमच्या लेखकाने परस्पर ठरवले आणि संस्थेने ते डोळे मिटून मान्य केले. मुलांना कोणीच विचारले नाही.

हाच चित्रपट आम्ही धानाची मळणी आटोपल्यावर गावात दाखवला होता. समाजमंदिरात भिंतीवर चादर ताणली, खाली ताडपत्र्या अंथरल्या. काही जण मधूनच उठून गेले, ते खरे आहे. गाणे-नाच धरून बसलेल्यांना तो चित्रपट जागा देत नाही. कॅमेरा न थांबता माणसांमधून फिरत राहतो, कोण भला कोण बुरा हे कोणी सांगत नाही, आणि बघता बघता छातीवर दडपण येते. मी स्वतः त्या रात्री झोपू शकलो नाही. घाशीराम करणाऱ्या ओम पुरी या नटाचा हा पहिला चित्रपट, हे मला नंतर कळले. अपमान गिळून परत आलेल्या माणसाचा तो चेहरा पाहताना कोणत्याही नटाची आठवण येत नाही. त्याला कोतवाल करणारा पेशव्यांचा कारभारी नाना फडणवीस, म्हणजे मोहन आगाशे, हसतो तेव्हा तर अधिकच भीती वाटते.

पण जे बसले ते शेवटपर्यंत बसले, आणि संपल्यावरही कोणी लवकर उठले नाही. आमच्या शेजारच्या मावशी, शाळेचे तोंड न पाहिलेल्या, त्यांनी पहिला प्रश्न विचारला. “कोतवाली भेटावी म्हनून पोरगी देऊन टाकली, त हा बाप कायचा? अन् ते पोरगी कोठी गेली, हे गावात कोनीच काहून इचारलं नाही गा?” त्यावर बायांमध्ये जे बोलणे सुरू झाले ते कितीतरी वेळ चालले. कोणाची पोर कोणत्या कर्जात दिली गेली, कोण पुन्हा माहेरी दिसली नाही, अशी नावे निघाली. ती मी इथे लिहिणार नाही.

आता तुमचा लेख पुन्हा काढून पाहा. कॅमेऱ्यावर त्यात अर्धा रकाना आहे. चार दिग्दर्शकांवर आहे, फिल्म इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या मुलांनी सहकारी संस्था काढून चित्रपट केला यावर आहे. घाशीरामने नानाला देऊन टाकलेल्या मुलीवर, गौरीवर एक ओळ नाही. तिचे नावसुद्धा नाही! सगळी सत्ता जिच्या सौद्यावर उभी राहते ती पोरगी जाणकार लेखकाला दिसली नाही आणि आमच्या मावशींना दिसली. मग कोणाला झेपला?

दुसरे असे की लेखकाला हा चित्रपट पेशवाईपुरता वाटतो. 1791 साली पुण्यात लोकांनी घाशीरामला दगडांनी ठेचून मारले, हा इतिहास. पण चित्रपट झाला तेव्हा देशात आणीबाणी होती. ज्याने माणूस मोठा केला त्यानेच त्याला जमावापुढे टाकून नामानिराळे व्हायचे, हे समजायला पेशवाईचा अभ्यास लागत नाही. आमच्याकडच्या कोणत्याही सोसायटीची निवडणूक पाहिलेल्या माणसाला ते समजते.

आणि आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या प्रेक्षकाला नाटक-चित्रपट शिकवू नका, ही हात जोडून विनंती. मंडई (दिवाळीनंतरच्या जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) दिवसांत आमची माणसे थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहतात. माझे वडील दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, बाईचे सोंग घ्यायचे. तेंडुलकरांच्या नाटकात माणसांची रांग उभी राहते आणि तिचीच भिंत होते, तिचाच पडदा होतो. यात आमच्या म्हाताऱ्यांना नवल वाटले नाही, आनंद वाटला. तुमचे वर्तमानपत्र मात्र दरवर्षी दिवाळीनंतर झाडीपट्टीवर एकच बातमी देते, कोटींच्या उलाढालीची. कोणत्या गावात कोणते नाटक चांगले झाले, कोणत्या नव्या मुलीने चांगले काम केले, यावर कधी चार ओळी येत नाहीत.

या चित्रपटाची प्रत बर्लिनच्या आर्सेनाल या चित्रपट संस्थेने सांभाळली, म्हणून तो आज पाहता येतो. परदेशातल्या लोकांनी जपलेला मराठी चित्रपट मराठी मुलांना त्यांच्याच महाविद्यालयात पाहता येऊ नये, याचा मला फार राग आहे.

आपल्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. लेखकाचे ते वाक्य चूक होते, हे त्याच पुरवणीत, त्याच जागी छापा. ते कात्रण घेऊन पुतण्या पुन्हा महाविद्यालयात जाईल. आणि रविवारची पुरवणी आमच्या भागात रविवारी पोचवा; वर्गणी आम्हीही पूर्ण भरतो.

आपला,
एक जुना वाचक
ता. आरमोरी, जि. गडचिरोली