पन्हाळ्याचा चार दरवाजा आणि १८४४

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला पन्हाळ्यावरचा लेख मन लावून वाचला. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना यांचे वर्णन सुरेख उतरले आहे. एका वाक्यापाशी मात्र थांबलो : 'काळाच्या ओघात चार दरवाजाची पडझड झाली.' संपादक महोदय, चार दरवाजा काळाने पडला नाही. तो १८४४ मध्ये इंग्रजांनी पाडला.

तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन महाराज होते आणि कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती होता. गडावर पिढ्यानपिढ्या पहारा देणाऱ्या गडकऱ्यांचे पोट गडाकडे लावून दिलेल्या जमिनींवर चाले. सुधारणेच्या नावाखाली या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे गेला. ज्याच्या आज्या-पणज्याने तटावर रात्री जागवल्या, त्याने आपल्याच शेतासाठी कचेरीच्या दारात ताटकळायचे! जुलैमध्ये सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बेळगावहून फौज चालून आली, तरी सामानगड १३ ऑक्टोबरपर्यंत हाती लागला नाही. इकडे कोल्हापुरात खुद्द दाजी पंडितांनाच कैद झाली. कर्नल ओव्हान्स हा इंग्रज अधिकारी तर पन्हाळ्याच्या गडकऱ्यांनी पकडून गडावर कोंडून ठेवला होता. १ डिसेंबरला पन्हाळा हातचा गेला आणि बंडाची धग सावंतवाडीकडे सरकली.

पुढे गडांचे तट-दरवाजे मोडले, गडकऱ्यांची शिबंदी मोडली आणि मोहिमेचा खर्च कोल्हापूर संस्थानच्याच माथी मारला. १८१८ साली मराठेशाही बुडाली म्हणून आपण तिथेच पुस्तक मिटतो. त्यानंतर २६ वर्षांनी ही साधी माणसे त्याच तटांवर उभी राहिली, हे शाळेत मला कोणी सांगितले नाही. मी सामानगडाच्या पायथ्याच्या मुलखातला, तरीही.

कोल्हापूरहून एसटीने वर जाताना गाडी चार दरवाजाच्या जागेवरूनच गडात शिरते. सगळ्यांचे फोन शिवा काशीदांच्या पुतळ्याकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. पण इतका रुंद रस्ता गडाच्या तोंडाशी कसा मिळाला, हे कोणी विचारत नाही. तिथे दरवाजा होता, म्हणून.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. (सामानगड त्यात नाही, याची खंत आहेच.) आता गडावर नवे फलक लागतील, तेव्हा चार दरवाजाच्या फलकावर गडकऱ्यांचे नाव यावे यासाठी आपल्या दैनिकाने पाठपुरावा करावा. आणि लेखाची दुरुस्ती छापताना 'पडझड झाली' खोडून 'इंग्रजांनी पाडला, १८४४' एवढे शब्द घालावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, गडहिंग्लज