नाकावर भाळलेल्यांकडून एका वायजीवाल्या काकांना, जाहीर आभार

पूर्णेच्या रेल्वे शेडमधले वाफेच्या इंजिनाचे फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, आणि आता जेलरोडला स्थायिक झालेले आमचे काका यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही 'बरं बरं, जेवलाव का' म्हणून विषय बदलता आणि फोन ठेवून देता, म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, मोठ्याने वाचून दाखव आणि मधेच उठू देऊ नकोस. नाव लिहू नका म्हणालात, नाही लिहिलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही नाशिकमधली रेल्वेचं वेड लागलेली काही टाळकी, सिडकोतली, नाशिकरोडची, एखादं देवळाली कॅम्पातलं, आम्ही दिवाळीच्या सुट्टीत कॉलनीच्या हॉलमधे 'आपलं लाडकं वाफेचं इंजिन' असं छोटं प्रदर्शन करायचं ठरवलं. प्रत्येकाने एक इंजिन निवडायचं, मोठा फोटो लावायचा, खाली माहिती, बस. माहितीला तोटा नव्हता, पण आमच्यापैकी एकानेही उभ्या आयुष्यात भट्टीत फावडंभर कोळसा टाकलेला नव्हता, आणि पोरं येऊन 'हे चालवायचे कसे' हे विचारणार हे तर दिसतच होतं. मग कोणाच्या तरी ओळखीतून तुमचा नंबर मिळाला.

आमची यादी बघून तुम्ही जे हसलात ना काका, ते अजून सगळे नक्कल करून दाखवतात. अर्ध्याअधिक लोकांनी डब्ल्यूपी घेतलेलं. घेणारच! ब्रॉडगेजची, म्हणजे रुंद रुळांवरची मेल-एक्सप्रेस ओढणारं, पुढे ते बंदुकीच्या गोळीसारखं नाक, नाकावर रंगवलेला तारा, चाकांची रचना ४-६-२, म्हणजे पुढे चार छोटी, मधे सहा मोठी, मागे दोन, हिलाच पॅसिफिक म्हणतात. पहिली १६ इंजिनं अमेरिकेतल्या बाल्डविनने बनवून पाठवली, ती १९४७ साली इथे आली, आणि मग कॅनडा, स्कॉटलंड, पोलंड, ऑस्ट्रिया आणि शेवटी आपला चित्तरंजनचा कारखाना असं करत करत एकूण ७५५ झाली. भारतातल्या वाफेच्या इंजिनाचं चित्र काढ म्हटलं तर आमच्यातला कोणीही डोळे मिटून तेच नाक काढेल. दुसऱ्या एकाने फेअरी क्वीन घेतलं, १८५५ साली लीड्सला बनलेलं. एक दार्जिलिंगच्या बी क्लासवाला आहे, त्याला पुढे बसून रुळांवर वाळू टाकणारा माणूस फार आवडतो. एकाने माथेरानचं घेतलं, जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलचं, ज्याचे पुढचे-मागचे आस वळणावर जरासे सरकतात म्हणून तर ते १९०७ पासून तसल्या वाकड्या घाटात चढू शकलं. मूळचा यवतमाळचा जो आहे त्याने अर्थातच शकुंतलेचं, म्हणजे त्यांच्याकडच्या छोट्या रुळांवरच्या गाडीचं झेडडी, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं आणि १९९४ पर्यंत राबलेलं. आणि आमचा इंजिनिअर गॅरेटवर अडून बसलेला, मधे एकच भलामोठा बॉयलर आणि त्याच्या पुढे एक मागे एक असे दोन चाकांचे गाडे.

तुम्ही सगळं शांतपणे पाहिलंत आणि म्हणालात, "नाकाचं काय करायलाव? वाफ धरती का ते सांगा." म्हणजे ओढताना बॉयलरमधे वाफ पुरेशी टिकते का.

काका, या एका वाक्याने आमच्या प्रदर्शनाचं पार वाटोळं केलंत आणि त्यासाठीच मुळात हे पत्र आहे. कारण खरं सांगायचं तर आम्ही सगळे इंजिन बाहेरून बघणारे. प्लॅटफॉर्मवरून, फोटोतून, म्युझियमच्या साखळीच्या अलीकडून. तुम्ही ते मागून बघितलेलं, भट्टीच्या दारातून. तिथून नाक दिसतच नाही.

मग तुम्ही वही काढलीत. बॉलपेनने काढलेल्या त्या आकृत्या! ब्लास्ट पाइप मला कित्येक वर्षं शब्द म्हणून माहीत होता, पण सिलिंडरमधे काम करून झालेली वाफ नुसती बाहेर सोडत नाहीत, ती धुराड्याखालच्या बारीक तोटीतून जोरात वर सोडतात, जाता जाता ती धूर ओढून नेते आणि त्या ओढीने भट्टीत ताजी हवा शिरते, म्हणजे इंजिन जितकं जास्त ओढेल तितकी भट्टी आपोआप जास्त पेटेल, हे तुम्ही सांगेपर्यंत डोक्यात असं बसलं नव्हतं. आणि आपण लहानपणी जे छुक छुक म्हणतो ते म्हणजे हीच वाफ. दोन सिलिंडर, दोन्ही बाजूंनी ढकलणारे, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके. चारातला एक कमी पडला की गाडी लंगडते आणि झोपेत पण कळतं, असं म्हणालात. एवढ्यावर न थांबता टेबलावर बोटांनी आधी चांगली गाडी आणि मग लंगडी गाडी वाजवून दाखवलीत, ती रेकॉर्ड करायला हवी होती कोणीतरी.

मग कोळसा. आपला कोळसा राखेचा, उष्णता कमी, भट्टीत त्याचे गोळे धरतात आणि जाळी चोंदते. डब्ल्यूपीची भट्टी ऐसपैस ठेवली ती याचसाठी, हे आमच्या कार्डावर शेवटच्या ओळीत होतं, तुम्ही ते पहिल्या ओळीत आणायला लावलंत. आणि बिहट्याचं कार्ड पण तुमच्यामुळेच लागलं. १९३७ चा जुलै, पाटण्याजवळ बिहटा, एक्सबी नावाच्या जुन्या जातीच्या इंजिनाची गाडी रुळावरून उतरली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. ते पण ४-६-२ च, पण वेगात डावं-उजवं डोलायला लागलं की खालचा रूळच वाकडा करायचं. त्यानंतर कमिटी बसली, ब्रिटनहून तिथले इंजिनांचे मोठे इंजिनिअर स्टॅनियर साहेब आले, १९३९ ला रिपोर्ट झाला आणि त्या अनुभवातून पुढे डब्ल्यूपी उभं राहिलं. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं की दिवाळीत हे अपघाताचं कशाला. मला विचाराल तर सगळ्या हॉलमधलं तेच सगळ्यात कामाचं कार्ड होतं.

आणि मग तुमचं वायजी. यादीत एकानेही घेतलेलं नव्हतं! मीटरगेजचं, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांवरचं, मालगाडीचं इंजिन, ना नाक ना तारा. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात की "लिहा की हो आमचं बी". वाय म्हणजे मीटरगेज, जी म्हणजे गुड्स, २-८-२, मिकाडो. १०७४ बनली, म्हणजे आमच्या लाडक्या डब्ल्यूपीपेक्षा तीनशेहून जास्तच. चित्तरंजनमधून १९७२ साली वाफेचं शेवटचं इंजिन बाहेर पडलं ते पण वायजीच. त्याचंच पॅसेंजरचं भावंड वायपी, ४-६-२, ८७१ नग, त्यातली बरीच आपल्या टेल्कोने जमशेदपूरला बनवलेली, पुढे जी टाटा मोटर्स म्हणून आपल्याला ट्रक आणि कारसाठी माहीत झाली तीच.

चाकांचा तक्ता ही तर खास तुमची आयडिया. भिंतीवर खडूने तीन वर्तुळं, डब्ल्यूपीचं पाच फूट सात इंच, वायपीचं साडेचार फूट, वायजीचं चार फूट, आणि पोरांना म्हणालात जा, शेजारी उभं राहा. मोठं चाक पळायला, छोटं चाक ओढायला, हे पाचवीतल्या पोराला दोन मिनिटांत कळलं. आमच्या इंजिनिअरने त्यासाठी अख्खा परिच्छेद लिहिला होता, तो नंतर गुपचूप काढला.

नाशिककरांना मीटरगेजचं काही नसतं याचा तुम्हाला राग आहे, आणि तो रास्त आहे. आपल्याकडून मुंबईकडे निघालं की इगतपुरी, पुढे तो सदतिसाला एक चढाचा, म्हणजे सदतीस फुटांत एक फूट वर जाणारा थळ घाट, तिथे १९३० पासूनच विजेची इंजिनं, त्यामुळे आमच्या गप्पा नेहमी घाटाकडेच वळतात. उलट्या बाजूला मनमाड, तिथे मात्र नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मीटरगेज होती, औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, पुढे थेट हैदराबादकडे. मराठवाड्यातल्या माणसाला मुंबईला यायचं तर मनमाडला पोरंबाळं, ट्रंका, वळकट्या घेऊन गाडी बदलायची. तुम्ही अजिंठा एक्सप्रेसवर वायपी पेटवत मनमाडला यायचात आणि शेजारच्या ब्रॉडगेजवर आमची ती मोठी इंजिनं उभी दिसायची, तेव्हा काय वाटायचं असं मी विचारलं. मला वाटलं आता हळवं काहीतरी येणार. तुम्ही म्हणालात, "त्यांच्या टेंडरमदे बी दगडच दिसायचा." टेंडर म्हणजे इंजिनामागचा कोळशाचा डबा, आणि दगड म्हणजे तोच राखेचा कोळसा.

प्रदर्शनाच्या रविवारी तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होतात, या वयात, त्याबद्दल काकूंची वेगळी माफी मागायचीच आहे. पोरांनी काय काय विचारलं! इंजिनात बाथरूम कुठे असायची (नसायची). पाऊस आला तर (भिजायचं). सगळ्यात भीती कशाची वाटायची, हे त्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं तेव्हा मात्र तुम्ही जरा थांबलात आणि गेज ग्लासचं सांगितलंत, की बॉयलरमधलं पाणी किती आहे ते त्या काचेच्या नळीत दिसतं, पाणी भट्टीच्या छताच्या खाली गेलं तर छत तापून मऊ पडतं, आणि तेवढ्यासाठी छतात शिशाचा प्लग असतो, तो वितळून वाफ भट्टीत घुसते आणि सगळ्यांना कळतं की चुकलं. ड्रायव्हरसाहेबाची नजर पुढे, फायरमनची नजर काचेवर. हॉलमधे त्या पाच मिनिटांत कोणी चिवड्याच्या पुडीला पण हात लावला नाही.

आणि एक गोष्ट, जी आमच्या लोकांना अजून पचलेली नाहीये. आम्ही सगळे वाफ गेली म्हणून गळे काढणारे. ६ डिसेंबर १९९५, जालंधर-फिरोजपूर, शेर-ए-पंजाब नावाचं डब्ल्यूएल जातीचं इंजिन, ब्रॉडगेजची शेवटची रोजची वाफेची गाडी, ही तारीख आमच्यातल्या काहींना बायकोच्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ आहे. तुम्हाला विचारलं डिझेल आलं तेव्हा वाईट वाटलं का, तर म्हणालात पहिल्यांदा ड्यूटीवर खुर्चीत बसलो, रात्री खोकला आला नाही, कशाचं वाईट? शंभर रुपयांच्या कोळशातले सहा-सात रुपयेच चाकाला लागायचे, बाकीचे धुराड्यातून वर. हे ऐकून आमचा फेअरी क्वीनवाला चहा घ्यायला म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही.

पण मी तुमच्यासारखा नाही काका, माझं डब्ल्यूपीवरचं प्रेम काही कमी झालेलं नाही. आणि एक सांगू, ब्रॉडगेजच्या मालगाडीचं डब्ल्यूजी, २४५० बनलेलं, तुमच्या वायजीचा थोरला भाऊच म्हणा, त्याचा आणि डब्ल्यूपीचा बॉयलर एकच आहे. म्हणजे वाफ धरण्यावर मार्क द्यायचे तर माझं नाकवालं पण पास आहे की नाही? याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही, नुसतं 'हूं' केलंत. ते 'हूं' मी पास असंच धरतोय.

आता कामाचं. तुमच्या वहीची झेरॉक्स झालीये, बाइंडिंग करून मूळ वही पुढच्या रविवारी आणून देतो. वायजीचं कार्ड एकजण स्वतःच्या घरी लावायला मागतोय, तुम्ही हो म्हणालात तरच देणार. माथेरानवाला म्हणतोय त्याच्या इंजिनाचे सरकणारे आस तुम्ही नीट ऐकूनच घेतले नाहीत, तो पण येणार आहे माझ्याबरोबर, तयारीत रहा. आणि त्या दिवशीचे जाण्यायेण्याचे रिक्षाचे पैसे कृपा करून घ्या, पाकीट काकूंकडे देईन.

तुमचा,
सिडकोतला डब्ल्यूपीवाला