लेआऊट मंजूर करण्याआधी गावनकाशा पाहा

मा. संपादक,

येळ्ळूर, शहापूर, वडगाव, जुने बेळगाव शिवारात पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी उभ्या भातात शिरते आणि चर्चा गाळ काढण्यापाशी थांबते. गाळ काढायलाच हवा. पण नाल्याची वाट नेमकी कुठे आवळली, हे जुना नकाशा आजच्या वस्तीवर ठेवल्याशिवाय कळणार नाही.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंची (मैलाला एक इंच) नकाशावर शेतीकडे सरकणारे शहर दिसते, पण नाल्याच्या रुंदीसाठी तो फार बारीक. त्याला गावनकाशाच लागतो. त्याचे प्रमाण मैलाला आठ इंच, म्हणजे इंचाला ६६० फूट. ३३ फुटी साखळीच्या बरोबर २० साखळ्या.

झेरॉक्सवरून काम करू नये, त्यात माप बिघडते. मूळ प्रत सपाट स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक प्रणालीत उपग्रहचित्रावर बसवावी. त्यासाठी नकाशा आणि चित्र दोन्हींत सापडणाऱ्या खुणा निदान सहा, त्याही चारही कडांना घ्याव्यात: तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जुनी विहीर, देऊळ. रुंद केलेला रस्ता धरू नये. खुणा एकाच बाजूला घेतल्या तर दुसऱ्या टोकाला नकाशा फिरतो आणि नाला भलत्याच्याच घरावरून गेलेला दिसतो. नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ २६ फूट भरतो, म्हणून कंपाउंडच्या वादात हा पुरावा चालवू नये; तिथे टिपण (सर्व्हे नंबरचा मापांसह मूळ मोजणी नकाशा) काढून मोजणीच हवी.

त्यासोबत उतारा बघावा. नाल्याखालची जमीन 'ब' खराब, म्हणजे लागवडीबाहेरची, म्हणून लावलेली असते. ती सार्वजनिक, बिनशेती करून विकता येत नाही. ३३ फूट रुंद नाला १३२ फूट लांबीत ४ गुंठे घेतो. लेआऊटच्या आराखड्यात तेवढे गुंठे सोडलेत का, हे कुणीही पडताळू शकतो. बऱ्याचदा नाल्याच्या जागी तीन फुटी पाइप आणि वर मुरमाचा भराव असतो. मग तुंबलेले पाणी वरच्या अंगाच्या भातात पसरते, आणि नुकसान ज्याने प्लॉट विकला नाही त्याचे होते.

बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) प्रत्येक लेआऊटच्या अर्जासोबत असा जुळवलेला नकाशा सक्तीचा करावा आणि मंजुरीआधी तो ग्रामपंचायतीत लावावा. शेतकऱ्यांनीही हरकत देताना नुसता अर्ज न देता गावनकाशा, उतारा आणि लेआऊटचा आराखडा एकत्र जोडावा.

— बळ्ळारी नाला परिसरातील शेतकरी, बेळगाव