लाळग्रंथीची शस्त्रक्रिया आणि ‘पीआरपी’

महोदय,

कानाखालच्या लाळग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर ‘पीआरपी’ने (रक्तातून वेगळा काढून जखमेत सोडलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव, ज्यात रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म कणिका, प्लेटलेट, भरपूर असतात) जखम लवकर भरते, असे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या रुग्णांच्याही कानावर येते. पुरावा अजून तुटपुंजाच आहे. रुग्णाचेच रक्त सायट्रेटमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यात) घेऊन यंत्रात दोनदा गरगर फिरवतात: आधी हळू, तांबड्या पेशी खाली बसाव्यात म्हणून, मग जोरात. वेग अती झाला तर प्लेटलेट यंत्रातच फुटतात. प्लाझ्मा गोठवणारे कॅल्शियम क्लोराइड ऐन वेळीच मिसळावे, नाहीतर प्लाझ्मा नळीतच गोठतो. गाठ कर्करोगाची असल्यास हा प्रयोग टाळलेलाच बरा. लाळ साचून फुगवटा आला, तर ती सुईने काढून दाबपट्टी बांधावी, तोवर कैरी, सोलकढी बंद (कोकणात हे पथ्य सर्वांत कठीण!), कारण आंबटाने लाळ सुटते. ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर नेणारी नळी) घाईने काढला, तर कोणताही प्लाझ्मा ती चूक भरून काढत नाही.

– काही शल्यचिकित्सक, रत्नागिरी