आईच्या इंजेक्शनचा वार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, डॉक्टरांनी मौंजारो, म्हणजे साखरेसाठी आणि वजनासाठीचं हे इंजेक्शन, लिहून दिल्यापासून तुझा एकच प्रश्न चालू आहे: वार कुठला धरायचा? फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहतं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

औषधाला कुठलाही वार चालतो. सकाळी घे की रात्री, जेवून घे की न जेवता, फरक पडत नाही. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, एवढंच. पण तुझा गुरुवारचा उपास असतो, म्हणून मला रविवारची रात्र बरी वाटते. मळमळ झालीच तर बहुधा पहिले एक-दोन दिवस होते. गुरुवारपर्यंत पोट ठिकाणावर येईल. बुधवारी घेतलंस तर नेमकी उपासाला मळमळ, त्यात तळलेले साबुदाणा वडे. शिवाय तुझी साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. या इंजेक्शनसोबत ती असली आणि पोट रिकामं असलं की साखर एकदम खाली जाऊ शकते. मला खरी काळजी याचीच आहे. पहिलं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना उपासाचं सांग. गोळी कमी करायची का, ते तेच ठरवतील. दरदरून घाम आला, हात थरथरले तर उपास-बिपास बाजूला ठेव आणि लगेच साखरपाणी घे.

बाबा, इंजेक्शनच्या पेनाचं खातं तुमच्याकडे. ते फ्रीजमध्येच ठेवायचं, पण फ्रीजरपासून लांब. एकदा गोठलं की टाकूनच द्यायचं. ३० अंशांच्या वर ते चालत नाही, म्हणजे दादरच्या आपल्या घरात मे महिन्यात कपाटात ठेवायचा विचारही नको. दर वेळी सुई नवी, आणि आधी थोडं औषध बाहेर सोडून सुई चालते का ते बघायचं. पोटावर टोचताना बेंबीपासून दोन इंच लांब. बटण पूर्ण दाबून सावकाश पाचपर्यंत मोजा, मगच सुई बाहेर काढा. एका पेनात चार डोस असतात. चौथ्यानंतरही आत थोडं औषध दिसेल. बाबा, तुमचा जीव हळहळेल, पण ते वापरायचं नाही. जागा दर आठवड्याला बदला. कालनिर्णयवर रविवारच्या चौकटीत ‘डावी’, ‘उजवी’ लिहीत चला.

रविवार चुकला तर चार दिवसांच्या आत, म्हणजे गुरुवार रात्रीपर्यंत घेता येतं. त्यानंतर तो आठवडा सोडायचा आणि थेट पुढच्या रविवारी घ्यायचं. दोन डोस एकदम कधीच नाही. वार कायमचा बदलायचा झाला तर मधे किमान तीन दिवस जायला हवेत.

पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅमचे, ते फक्त शरीराला सवय व्हावी म्हणून. मग ५. आई, पहिल्या महिन्यात काटा हलला नाही तर खट्टू होऊ नकोस. शेजारच्या काकू ‘किती उतरलं?’ विचारतीलच, त्यांना काय सांगायचं ते सांग. फक्त आपलं पेन त्यांना देऊ नकोस, सुई बदलूनसुद्धा नाही.

भूक कमी होईल, तेव्हा ताटातलं आधी वरण, अंडं, मासा खा, भात नंतर. वजनाबरोबर स्नायूही झिजतात, आणि दादरच्या पुलाचे जिने चढायला तुझ्या गुडघ्यांना तेच लागणार आहेत. पाणी पीत राहा, विशेषतः उलट्या-जुलाब झाले तर. पोटात जोराची कळ येऊन ती पाठीत गेली आणि थांबेना, तर रात्र असली तरी डॉक्टरांना गाठा, आणि ते सांगेपर्यंत पुढचं इंजेक्शन नको.

पहिल्या रविवारी मी नाशिकहून येते. टोचायला बाबा, तुम्हीच. मी शेजारी बसेन. वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा डबा तेवढा शोधून ठेवा.

तुमची,
मनू