बोअरच्या पाण्याचा आकडा छापताना

मा. संपादक,
स. न.

अंबड, सातपूर, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींलगतच्या बोअरच्या पाण्याचे आकडे छापताना नमुना कसा घेतला, तेही छापावे. प्रयोगशाळेत काटेकोर तपासणी होते, पण बाटलीत आलेले पाणी भूजलच असेल याची खात्री नसते.

भूजल तपासण्यासाठीच घेतलेले निरीक्षण बोअर एरवी बंद असते. उभ्या पाण्याला हवा लागून विरघळलेले लोह गंज होऊन बसते, बाष्पशील द्रावके (हवेत चटकन उडणारी रसायने) उडून जातात. दोरीला बाटली बांधून वरवरचे पाणी काढले की तपासणी होते ती केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातल्या पाइपात, साचलेल्या पाण्याची. म्हणून आधी पातळी मोजायची, मग उपसा. सहा इंची बोअरमध्ये मीटरमागे सुमारे 18 लिटर पाणी असते. तळ 60 मीटरवर आणि पातळी 15 वर असेल, तर जवळपास 800 लिटर. रूढ पद्धतीने याच्या तिप्पट उपसायचे. ते दूषित निघाले तर नंदिनी नदीत सोडणार का? साठवायला टाकी हवीच.

त्यापेक्षा संथ उपसा बरा. मिनिटाला 100 ते 500 मिलिलिटर, पातळी 10 सेंटिमीटरहून जास्त उतरू न देता. दर 3 ते 5 मिनिटांनी मोजमाप घ्यायचे. सलग तीन मोजमापांत पीएचमधला (आम्लतेच्या मापातला) फरक 0.1, विद्युतवाहकतेतला 3 टक्के आणि विरघळलेला ऑक्सिजन व गढूळपणा यांतला 10 टक्क्यांच्या आत राहिला की बाटली भरायची. आपल्या काळ्या पाषाणात केसिंगखाली बोअर उघडेच असते आणि पाणी दोन-तीन भेगांतून येते. त्यामुळे पंप किती खोलीवर सोडला यावर कोणत्या भेगेचे पाणी आले ते ठरते. ही नोंद सहसा नसतेच.

खरा घोळ बाटल्यांत होतो. धातूंसाठीचे पाणी जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मग नायट्रिक आम्लाने पीएच 2 च्या खाली आणायचा. गढूळ पाण्यात थेट आम्ल घातले तर गाळातले लोह-मँगनीज विरघळून आकडा फुगतो. त्याच बाटलीतून नायट्रेट मोजले, तर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतल्या खतांवर नसते खापर फुटते. आम्लातलेच नायट्रेट पिण्याच्या पाण्यासाठीची लिटरमागे 45 मिलिग्रॅमची मर्यादा सहज ओलांडते. द्रावकांची 40 मिलिलिटरची कुपी बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायची, ते पाणी गाळायचे नाही. सर्व बाटल्या लगेच बर्फात.

तेव्हा आकड्याशेजारी निदान पातळी, पंपाची खोली, उपसलेले लिटर आणि शेवटची तीन मोजमापे द्यावीत.

आपले,
भूजल तपासणीच्या कामातील काही वाचक, नाशिक